घरातील मांडणीचे दिवे : पारख आणि जयणा

जुन्या वाड्यांतून दिव्याची जागा कोनाड्यात असे आणि वस्तूंची जागा फडताळात. दोहोंचा संबंध क्वचितच येई. फडताळातील डबा काढावयाचा झाल्यास गृहिणी हातात दिवा घेऊन जाई व काम होताच तो पुन्हा कोनाड्यात ठेवी. गेल्या काही वर्षांत आपल्या आदिलाबादेत जी नवी घरे उभी राहिली, त्यांत सुटे भाग जोडून केलेली, सर्वजण जिला ‘मॉड्युलर’ म्हणतात अशी मांडणी आली आणि तिच्यासोबत प्रत्येक फळीखाली एलईडीची पट्टीही आली. दिवा कोनाड्यातून निघून कपाटाच्या पोटात जाऊन बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा बदल सोयीचा आहे, यात शंका नाही. तथापि घर बांधताना सिमेंट, सळई व फरशी यांचे भाव दहा ठिकाणी विचारणारे आपण व्यापारी लोक दिव्यांची पाळी आली की ‘तुम्हांस योग्य वाटेल ते बसवा’ असे सुताराला सांगून मोकळे होतो. परिणामी स्वयंपाकघरात धान्य निवडण्याजोगा उजेड नसतो, दिवाणखान्यातील शोकेस मात्र औषधाच्या दुकानाप्रमाणे झगझगत असते आणि दोन उन्हाळ्यांत अर्ध्या पट्ट्या मंदावतात. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. वीजशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु पोत्यात परखी घालून, तळहातावर नमुना घेऊन मग भाव बोलावयाचा, ही आपल्या सर्वांचीच रीत आहे. तीच रीत दिव्यांना कशी लावावी, हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

एलईडी म्हणजे काय?

जुन्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देई व विजेचा फार मोठा भाग उष्णतेतच खर्ची पडे. एलईडीत तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज वाहू लागली की तेथूनच थेट प्रकाश बाहेर पडतो. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोनियाक यांनी डोळ्यांस दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र तेजस्वी निळ्या एलईडीची उणीव होती. ती इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शूजी नाकामुरा या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांनी भरून काढली व त्याबद्दल त्यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण वापरतो तो पांढरा एलईडी बहुधा मुळात निळाच असतो. त्यावर एक पिवळसर लेप असतो आणि निळा व पिवळा प्रकाश मिळून डोळ्यांस पांढरा भासतो. हा लेप कोणत्या प्रतीचा आहे यावर प्रकाशाचा कस बराचसा अवलंबून असतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या देशात ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केल्यामुळे एका एलईडी बल्बचा खरेदीदर २०१४ मधील सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. घाऊक खरेदीचे बळ व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. मात्र स्वस्ताई आली की बाजारात उत्तम मालाबरोबर हलका मालही शिरतो आणि दोन्ही सारख्याच वेष्टणात मिळतात, हेही आपणांस ठाऊक आहे.

वॅट आणि ल्यूमेन

दुकानात गेल्यावर आपण प्रथम विचारतो, ‘किती वॅटचा?’ वॅट हे विजेच्या खर्चाचे माप होय. प्रकाशाचे माप ल्यूमेन हे आहे. जुना बल्ब एका वॅटमागे सुमारे १० ते १२ ल्यूमेन प्रकाश देई. चांगली एलईडी पट्टी तेवढ्याच विजेत ८० ते १०० ल्यूमेन देते आणि हलकी पट्टी ५० वरच थांबते. म्हणून केवळ वॅट पाहून दिवा घेणे म्हणजे बारदानासह वजन धरून मालाचा भाव करण्यासारखे आहे. पट्टी मीटरवर विकली जात असल्याने ‘मीटरला किती ल्यूमेन?’ हा प्रश्न विचारावा. शोभेच्या वस्तूंच्या फळीस मीटरला २०० ते ३०० ल्यूमेन पुरतात. स्वयंपाकघरातील ओट्यावरच्या कपाटाखाली, जेथे निवडणे-चिरणे चालते, तेथे ५०० च्या आसपास असावेत.

प्रथम वस्तू, मग दिवा

आमच्या मते निवडीचे मुख्य सूत्र एकच आहे. फळीवर काय ठेवावयाचे आणि ते कशासाठी पाहावयाचे, हे आधी ठरवावे. दिवा त्यानंतर ठरतो.

प्रकाशाची छटा केल्व्हिन या मापाने सांगतात. २७०० ते ३००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर व ऊबदार असतो, ४००० चा समतोल पांढरा आणि ६५०० चा निळसर पांढरा. आकडा वाढत जातो तसतसा निळेपणा वाढतो. आपल्याकडे ६५०० चा दिवा ‘जास्त उजेडाचा’ समजून घेण्याची प्रथा पडली आहे. परंतु छटा निराळी व उजेड निराळा. बैठकीच्या शोकेससाठी २७०० ते ३०००, ग्रंथांच्या कपाटासाठी ३००० ते ४००० आणि स्वयंपाकघर, कोठीची खोली व कपड्यांचे कपाट यांसाठी ४००० केल्व्हिन, असा साधारण नियम ठेवल्यास फसगत होत नाही. एकाच खोलीत दोन-तीन निरनिराळ्या छटा मात्र मिसळू नयेत.

छटेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे म्हणजे वस्तूचा खरा रंग दिसणे. त्यासाठी ‘सीआरआय’ नावाचा निर्देशांक आहे. तो जास्तीत जास्त १०० असतो आणि सूर्यप्रकाशाचा १०० धरतात. बाजारातील साधारण पट्टीचा तो ८० च्या आसपास असतो, हलक्या मालाचा त्याहूनही खाली. मघाशी सांगितलेल्या लेपाची प्रत येथे उघडी पडते. लेप हलका असला म्हणजे प्रकाशात तांबड्या रंगाचा अंश कमी पडतो. मग लाल मिरची विटकरी दिसते, कुंकू काळवंडते आणि तुरीच्या डाळीचा पिवळा रंग मेलेला वाटतो.

स्वयंपाकघराच्या बाबतीत ही केवळ शोभेची गोष्ट नाही. आपल्या घरांतून धान्य, डाळ व पीठ शोधून, पाहून मगच वापरण्याची शिस्त आहे. डाळीतील पोरकिडा, पिठातील अळी, भुईमुगावरील बुरशीची हिरवट झाक या गोष्टी खऱ्या रंगाच्या प्रकाशातच नीट दिसतात. यास्तव जेथे अन्न निवडले जाते, तेथे सीआरआय ९० किंवा त्याहून अधिक असलेलीच पट्टी घ्यावी. किंमत काहीशी अधिक पडते. परंतु घरात एका ठिकाणीच खर्च करावयाचा असेल तर तो येथे करावा, दिवाणखान्यात नव्हे.

तळहातावरचा नमुना

वेष्टणावरील आकड्यांवर सर्वस्वी विसंबू नये. दुकानात जाताना एका पुडीत मूठभर तुरीची डाळ, दोन लाल मिरच्या व चिमूटभर कुंकू न्यावे. दुकानदारास पट्टी लावून दाखविण्यास सांगावे व त्या वस्तू प्रथम पट्टीखाली आणि नंतर दुकानाबाहेर उन्हात धराव्या. फरक जितका थोडा, तितकी पट्टी चांगली. दुसरी परीक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्याची. कॅमेरा पेटत्या पट्टीजवळ धरला असता पडद्यावर काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले, तर प्रकाश फार थरथरतो आहे असे समजावे. असा प्रकाश डोळ्यांस एरवी स्थिर भासतो, पण त्यात दीर्घकाळ वाचन केल्यास डोळे शिणतात व काहींचे डोके दुखते. स्वाध्यायासाठी ग्रंथांच्या कपाटाजवळ बसणाऱ्या वडीलधाऱ्यांचा विचार करता ही परीक्षा अवश्य घ्यावी.

पट्टी कोठे बसवावी?

पट्टीवर सुटे सुटे ठिपके दिसत असतील तर गुळगुळीत सनमायकावर व काचेवर त्यांचे प्रतिबिंब पडून डोळ्यांस त्रास होतो. सलग उजेड देणारी ‘सीओबी’ जातीची पट्टी घ्यावी, किंवा साधी पट्टी अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून वर दुधी झाकण लावावे. सुतार तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. आदिलाबाद हे कापसाचे गाव. जिनिंगच्या हंगामात धूळ व तंतू घरोघरी पोहोचतात व उघड्या पट्टीवर चिकटून बसतात. झाकण असले म्हणजे दिवा बंद करून कोरड्या फडक्याने पुसता येते.

लाकडी फळी असल्यास पट्टी फळीच्या खालच्या अंगास, पुढच्या कडेजवळ व मागील बाजूस किंचित तिरपी बसवावी. असे केल्याने उजेड ग्रंथांच्या पाठीवर व डब्यांच्या चिठ्ठ्यांवर पडतो, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. मागच्या कडेला बसविल्यास वस्तूंची पुढची बाजू अंधारातच राहते. फळ्या काचेच्या असतील तर दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या पुरेशा होतात.

आपल्याकडील अनेक घरांच्या शोकेसमध्ये निर्मळची लाकडी खेळणी व चित्रे असतात. निर्मळ २०१६ च्या विभाजनात निराळा जिल्हा झाला, तरी ही कला आजही आपलीच वाटते. शिवाय आदिवासी कारागिरांनी ओतलेल्या डोकऱ्याच्या पितळी मूर्तीही असतात. पितळेस २७०० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश शोभतो. रंगीत वस्तूंविषयी मात्र सावध असावे. एलईडीत अतिनील किरण फार थोडे असतात हे खरे, तथापि दृश्य प्रकाशानेही रंग हळूहळू उडतात. संग्रहालयांतून कागद, वस्त्र व जलरंगातील चित्रे यांवर ५० लक्सइतकाच मंद प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे. घरात जुनी हस्तलिखिते वा पूर्वजांच्या वह्या असतील तर त्या कपाटात दिवा न बसविणेच उत्तम. पाहावयाच्या वेळी बाहेरचा दिवा पुरे.

थोडा हिशोब

पट्टी थेट घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालत नाही. मध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची एक पेटी असते, ती विजेचा दाब १२ किंवा २४ व्होल्टपर्यंत उतरवते. ३ फुटांच्या ४ फळ्या असलेली मांडणी घेऊ. एकूण पट्टी १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६५ मीटर झाली. मीटरला ६ वॅट धरल्यास २२ वॅट होतात. ड्रायव्हर नेहमी चौथा हिस्सा अधिक क्षमतेचा घ्यावा, म्हणजे २७.५ आणि बाजारात मिळणारा ३० वॅटचा. पूर्ण भार सतत वाहणारा ड्रायव्हर लवकर जळतो. बैलगाडीचा हिशोब जाणणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही.

हे २२ वॅट १२ व्होल्टवर घेतल्यास तारेतून सुमारे १.८ अँपिअर वीज वाहते, २४ व्होल्टवर निम्मीच. वीज जितकी अधिक वाहील तितकी तार तापते व पट्टीच्या शेवटच्या टोकास उजेड कमी पडतो. म्हणून मांडणी लांब असल्यास २४ व्होल्टची पट्टी घ्यावी आणि १२ व्होल्टची पट्टी सलग ५ मीटरपेक्षा अधिक ओढू नये.

वरील मांडणी रोज ४ तास चालू ठेवल्यास महिन्यास सुमारे २.६ युनिट वीज लागते. पूर्वीच्या ४० वॅटच्या चार बल्बांना तेवढ्याच वेळात १९.२ युनिट लागली असती. बचत मोठी आहे. परंतु स्वस्त म्हणून रात्रभर चालू ठेवल्यास तीच बचत हातची जाते.

उष्णता व सुरक्षितता

एलईडीचा प्रकाश थंड वाटतो म्हणून तो तापत नाही असा समज आहे. वस्तुतः त्याची उष्णता पाठीमागे जाते. वेष्टणावर २५,००० तासांचे आयुष्य लिहिलेले असते. त्याचा अर्थ बहुधा इतकाच की तेवढ्या तासांनी मूळ उजेडाच्या ७० टक्के उजेड उरेल. रोज ४ तासांच्या हिशोबाने ही १७ वर्षे होतात. मात्र आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि बंद कपाटात त्याहून अधिक तापते. प्लायवुडवर नुसती चिकटवलेली पट्टी अशा तापात फार दिवस टिकत नाही, तिचा गोंदही सुटतो. अॅल्युमिनियमची पन्हळी ही उष्णता ओढून घेते. म्हणून तिचा खर्च वाचवू नये.

ड्रायव्हर बंद खणात, कपड्यांच्या घड्यांमागे, कागदपत्रांच्या किंवा धान्याच्या डब्यांच्या मागे कदापि ठेवू नये. हवा खेळेल व हात पोहोचेल अशा जागी तो असावा. पट्टीपेक्षा ड्रायव्हरच आधी बिघडण्याचा संभव असतो. मांडणी नागपूरहून वा हैदराबादहून आणविली असेल, तर त्या एका पेटीसाठी कारागीर पुन्हा महामार्गाने येणार नाही. गावच्या वायरमनला ती कपाट न तोडता बदलता आली पाहिजे. १२ किंवा २४ व्होल्टला हात लागल्याने सहसा धक्का बसत नाही, परंतु तारा एकमेकींस चिकटल्यास त्या लाल होऊन आग लागू शकते. सांधे पक्के असावेत, त्यांवर आवरण असावे, आणि त्या घराच्या फलकावर एमसीबी व आरसीसीबी दोन्ही असावीत. सणासुदीस गॅलरीत लावावयाची २३० व्होल्टची वेटोळी पट्टी स्वस्त मिळते म्हणून कपाटात बसविण्याचा मोह टाळावा.

जयणेचा विचार

आता जो मुद्दा अन्य कोणी दुकानदार सांगणार नाही, तो आपणच आपणांस सांगितला पाहिजे. दिवा म्हटला की पतंग आला. बहुतेक निशाचर कीटक निळ्या व अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. पिवळसर एलईडीकडे निळसर पांढऱ्या एलईडीपेक्षा व जुन्या नळीच्या दिव्यांपेक्षा सामान्यतः कमी कीटक येतात, असे अभ्यासांती दिसून आले आहे. कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. चातुर्मासात, पहिल्या पावसानंतर पाखरांचे थवे उठतात, तेव्हा खिडकीजवळच्या मांडणीस पिवळसर दिवा असावा, खिडकीस बारीक जाळी असावी, दिव्याच्या पन्हळीची टोके बंद असावीत म्हणजे जीव आत अडकून मरणार नाहीत, आणि गरज संपताच दिवा मालवावा. ४००० केल्व्हिनचा दिवा स्वयंपाकघरात हवा असे वर म्हटले आहे. तो निवडण्या-पाहण्यापुरता लावावा व त्याचे बटण निराळे ठेवावे.

कोणी असेही म्हणतात की, इतका लख्ख प्रकाश घरात आला, तर सूर्यास्तापूर्वी भोजनाच्या नियमाचे प्रयोजन काय? याचे उत्तर त्या दिव्याभोवती फिरणारे जीवच देतात. ताटातील जीव दिसावा म्हणून दिवा लावावा आणि त्या दिव्यानेच जीव ताटाकडे यावा, हा पेच दिव्याच्या शक्तीने सुटत नाही.

आणखी एक सूचना. दार उघडताच वा माणूस जवळ येताच आपोआप पेटणारे दिवे सध्या फार खपतात. कपड्यांच्या कपाटास ते सोयीचे आहेत, वीजही वाचते. परंतु साधू-साध्वी गोचरीस जेथपर्यंत येतात, त्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या भागात असे दिवे बसवू नयेत. त्यांच्या निमित्ताने वीज चालू-बंद झाली की आहार असूझता होतो असे अनेक संघांत मानले जाते. घरच्या यंत्राने हा दोष घडवावा, हे कोणासही रुचणार नाही. तेथे साधे, हाताचे बटणच बरे.

खरेदी करताना

एलईडी बल्ब व एलईडीचे ड्रायव्हर भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणीखाली येतात. त्यांवर मानकचिन्ह व ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर ताडून पाहता येतो. पट्टीचे व्होल्ट, मीटरमागे वॅट व ल्यूमेन, केल्व्हिन आणि सीआरआय हे पाच आकडे पावतीवर लिहून घ्यावेत. हमीपत्रावर दुकानदाराचा शिक्का व तारीख असावी. एकाच वेळी एक-दोन मीटर पट्टी अधिक घेऊन ठेवावी. पुढे त्याच छटेची पट्टी मिळेलच असे नाही. सुतारास ‘दिव्यासह’ असा एकठोक भाव देऊ नये. लाकूडकाम व दिवे यांचे कोटेशन निरनिराळे मागावे, म्हणजे कोणत्या खान्यात काटकसर झाली हे कळते.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळात विजेच्या साहित्याचा व्यापार करणारे सभासद असतील, त्यांनी सभागृहाच्या भिंतीवर निरनिराळ्या छटांच्या व प्रतींच्या पट्ट्यांचा एक नमुना-फलक लावावा, प्रत्येकीखाली तिचे आकडे लिहावेत आणि शेजारी डाळीची एक वाटी ठेवावी. नवे घर बांधणाऱ्या बंधु-भगिनींनी घरातील गृहिणींसह तेथे येऊन आपल्या डोळ्यांनी पारख करावी. कारण त्या फळ्यांसमोर दिवसातून वीस वेळा उभे राहावयाचे ते त्यांनाच. अशा फलकास खर्च थोडा लागेल आणि अनेक घरांचा पैसा व डोळे वाचतील. कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, ही नम्र प्रार्थना.

सर्व सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस सविनय जय जिनेंद्र.